फॉस्टर घरातले पिल्लू आणताना

मराठी मुलखात भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना मानला जातो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्या माजावर येतात, सुमारे ६३ दिवसांनी व्यातात, आणि कार्तिक-मार्गशीर्षात बांधकामाच्या वाळूत, जिन्याखाली, उभ्या गाड्यांच्या चाकांआड पिल्ले वळवळताना दिसू लागतात. त्यांतली फार थोडी मोठी होतात. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संस्थेतील संशोधकांनी पाच वर्षांच्या पाहणीनंतर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९५ वेतांतील ३६४ पिल्लांची नोंद आहे. त्यांतली १९ टक्केच वयात येईपर्यंत टिकली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या रीतीने माणूस होता. आई गाडीखाली गेलेली, कोणी पोत्यात घालून नाक्यावर सोडलेली, आजारी पडलेली अशी जी पिल्ले प्राणिमित्रांच्या हाती लागतात, त्यांना शक्यतो कोणाच्या तरी घरी तात्पुरते सांभाळले जाते. या घराला फॉस्टर घर म्हणतात.

पिल्लाला निवाऱ्याऐवजी घरात ठेवण्याची कारणे साधी आहेत. निवाऱ्यात बरीच जनावरे एकत्र असतात आणि लस न झालेल्या पिल्लाला तिथे संसर्ग पटकन गाठतो. घरात वाढणाऱ्या पिल्लाला मिक्सरचा आवाज, दाराची बेल, कुकरची शिट्टी, मुलांची धावपळ यांची सवय आपोआप होते. तिसरा फायदा पिल्लू दत्तक घेणाऱ्याचा आहे आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. फॉस्टर पालकाने त्या पिल्लाला तीन-चार आठवडे रात्रंदिवस पाहिलेले असते. ते कशाला बिचकते, भूक लागली की काय करते, कुठे शू करते, भावंडांत दादागिरी करते की कोपरा धरते, हे त्याला ठाऊक असते. पुष्कळ कुटुंबे पिल्लू घेऊन येतात आणि ही माहिती तिथेच सोडून येतात. मग पहिल्या महिन्यात ज्या अडचणींवर डोके फोडावे लागते, त्यांतल्या निम्म्याअधिक फॉस्टर पालकाने दोन वाक्यांत सोडवल्या असत्या. म्हणून फॉस्टर घरी जाताना एक वही बरोबर असावी आणि ती भरूनच परत यावी.

किती वयाचे आणावे

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून किंवा भावंडांपासून तोडू नये. पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू स्वतःच्या तोंडाने खाते, म्हणून ते आता वेगळे काढायला हरकत नाही असा समज आहे. तो चुकीचा आहे. याच दिवसांत पिल्ले एकमेकांशी झोंबताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतात. एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. हा धडा माणसाला तितक्या चांगल्या रीतीने देता येत नाही. एकटेच सापडलेले आणि बाटलीने वाढवलेले पिल्लू असेल, तर त्याला दुसऱ्या कुत्र्यांची संगत मिळाली का, हे मुद्दाम विचारावे. मिळाली नसेल तर ते पुढे हातापायांना अधिक चावेल, याची तयारी ठेवावी.

फार उशीर करणेही बरे नाही. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीवरचे आपले दीर्घ संशोधन १९६५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते, हे त्यातले निरीक्षण आजही प्रमाण मानले जाते. या काळात माणसाचा स्पर्श न मिळालेले पिल्लू पुढे माणसाळते, पण त्याला वेळ आणि चिकाटी फार लागते. आठ ते दहा आठवडे हे वय घरी आणण्यास सर्वांत सोयीचे. मात्र चांगल्या फॉस्टर घरात वाढलेले चार-पाच महिन्यांचे पिल्लू नाकारण्याचे काहीच कारण नाही. त्याच्या लसी होत आलेल्या असतात, रात्रीची झोप लागलेली असते, आणि ज्या घरात कोणीतरी अर्धाच दिवस असते तिथे ते लहानग्यापेक्षा लवकर रुळते.

सांगितलेले वय खरे आहे का, हे दातांवरून बऱ्यापैकी कळते. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून फुटू लागतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास २८ दात पूर्ण होतात. पुढचे कायमचे दात तीन-चार महिन्यांनंतर येतात. पुढचे दात पुरते फुटलेले नसताना ‘दोन महिन्यांचे आहे’ असे कोणी सांगत असेल, तर पिल्लू आणखी काही दिवस तिथेच राहू द्यावे.

फॉस्टर घरची भेट

पिल्लू पाहायला दोनदा जावे, आणि घरातल्या सगळ्यांनी जावे. पिल्ले दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. भर दुपारी गेल्यास शांत दिसणारे पिल्लू मुळात शांत आहे की पेंगुळलेले, हे कळत नाही; सकाळी किंवा संध्याकाळच्या खाण्याआधी गेलेले चांगले. जमिनीवर बसावे, हाक मारू नये, उचलू नये, आणि पिल्लाला जवळ येऊ द्यावे. थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा खाली टाकून पाहावा. दचकणे स्वाभाविक आहे. दचकून पुन्हा जुडगा हुंगायला येणारे पिल्लू गजबजलेल्या घरात सहज सामावते. पलंगाखाली शिरून दहा मिनिटे बाहेर न येणारे पिल्लू वाईट नव्हे. त्याला शांत घर हवे, लहान मुले नसलेले, आणि घाई न करणारी माणसे हवीत. निवृत्त जोडप्याच्या घरी अशी बुजरी पिल्ले फार छान खुलतात. उलट सर्वांत आधी धावत येऊन बुटाची नाडी ओढणारे, सगळ्यांना आवडलेले पिल्लू दिवसभर दमवणारे असू शकते.

तरीही अर्ध्या तासाच्या भेटीतून जे दिसते त्यापेक्षा फॉस्टर पालकाचे मत वजनदार मानावे. ‘आमच्या घरी सासूबाई आहेत, त्यांना नीट चालवत नाही, दुपारी घरात आम्ही दोघीच असतो’ असे खरे खरे सांगून त्यातून कोणते पिल्लू योग्य, हे त्यालाच विचारावे. रंगावरून किंवा डोळ्यांवरून मनात भरलेले पिल्लू आणि घराला शोभणारे पिल्लू वेगळे निघाले, तर दुसरे निवडावे.

वहीत उतरवायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पिल्लू कुठे आणि कोणत्या स्थितीत सापडले, आई होती का, किती भावंडे होती आणि त्यांतले कोणी आजारी पडले किंवा दगावले का. आता काय, किती वेळा आणि कोणत्या वेळी खाते. रात्री कुठे झोपते आणि कितीदा उठते. शू-शी कागदावर करते, फरशीवर की मातीत. या एका प्रश्नाचे उत्तर पुढचे आठ दिवस वाचवते, कारण पिल्लू पायाखालच्या ज्या पृष्ठभागाला सरावते तोच शोधत फिरते. गाडीत ओकते का. झाडूला घाबरते का. मांजर पाहिली आहे का. पुरुषांच्या जाड आवाजाला बिचकते का. फॉस्टर घरात बायकाच असतील तर असे होते. कानाला, पंजाला, तोंडाला हात लावू देते का. खाताना जवळ गेले तर गुरगुरते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तरी बिघडत नाही. भुकेने तडफडलेली पिल्ले सुरुवातीला तसे करतातच, फक्त ते आधी कळलेले बरे.

अंगही पाहावे. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या हिरड्या म्हणजे बहुधा अंकुशकृमी किंवा गोचिडांनी शोषलेले रक्त. टम्म फुगलेले पोट आणि बारीक पाय असतील तर पोटात जंत समजावेत. बेंबीपाशी मऊ गाठ लागली तर तो हर्निया असू शकतो; तो डॉक्टरांना दाखवावा. केस गेलेले, खाजणारे चट्टे खरजेचे किंवा नायट्याचे असू शकतात आणि दोन्ही माणसाला लागतात. यांतले बहुतेक सगळे बरे होणारे आहे. पिल्लू नाकारण्यासाठी हे तपासायचे नसते. फॉस्टर घरी उपचार कुठवर आले आहेत आणि पुढे काय चालू ठेवायचे, ते समजून घ्यायचे असते.

मोठेपणी ते कसे दिसेल, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. रस्त्यावरच्या पिल्लाचा बाप माहीत नसतो आणि ‘लॅब मिक्स’, ‘शेफर्ड मिक्स’ ही विशेषणे बहुतेकदा पिल्लाला लवकर घर मिळावे म्हणून लावलेली असतात. गावठी कुत्रा साधारण पंधरा ते वीस किलोंचा होतो, अंगाने सडसडीत, आखूड केसांचा, उन्हाला आणि दमट हवेला सरावलेला, आणि नीट निगा राखल्यास बारा-पंधरा वर्षे सहज जगतो. हे वय लक्षात घेऊनच निर्णय घ्यावा. आज पाचवीत असलेली मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही तो कुत्रा घरात असेल.

एकमेकांना सोबत म्हणून दोन भावंडे एकदम आणण्याचा मोह होतो. अनुभवी फॉस्टर पालक सहसा तसे देत नाहीत आणि ते बरोबर आहे. दोघे एकमेकांतच गुंततात, माणसाकडे कमी वळतात, आणि शिकवण्याचे काम दुप्पट नव्हे, चौपट होते. दुसरे हवेच असेल तर पहिले वर्षभराचे होऊ द्यावे.

फॉस्टर पालकही उलट प्रश्न विचारतो: घर स्वतःचे आहे की भाड्याचे, खिडक्यांना जाळी आहे का, आधी कुत्रा होता का आणि त्याचे काय झाले. घर पाहायला येतो, फॉर्म भरून घेतो, वयात आल्यावर नसबंदी करण्याची लेखी हमी मागतो. काहींना हा संशय वाटतो. ज्याने रात्री दोन-दोन तासांनी उठून त्या पिल्लाला दूध पाजले आहे, त्याला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. काहीही न विचारता पिल्लू हातात ठेवणाऱ्याबद्दलच सावध राहावे. पिल्लाची किंमत घेतली जात नाही. लस-औषधांचा खर्च वाटून मागितला तर पावत्या पाहून तो जरूर द्यावा. पिल्लू प्रत्यक्ष न दाखवता फक्त फोटो पाठवून ‘गाडीभाड्यासाठी’ आगाऊ पैसे मागणारा फसवणारा असण्याची शक्यता मोठी.

सोसायटी, घरमालक, परवाना

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताच्या ठरावानेही सभासदाला कुत्रा पाळण्यास बंदी करता येत नाही. स्वच्छता, पट्टा आणि शेजाऱ्यांचा त्रास यांबाबतचे नियम मात्र पाळावेच लागतात. भाड्याच्या घराची गोष्ट वेगळी. करारात प्राणी न पाळण्याची अट असेल तर घरमालकाशी आधी बोलून लेखी संमती घ्यावी. परत आलेल्या पिल्लांच्या कहाण्यांत ‘घरमालक नाही म्हणाला’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागत असल्याने तो तीन महिन्यांच्या लसीनंतरच काढता येतो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. फॉस्टर घरांचे करारपत्र हीच अट पूर्वीपासून घालत आले आहे.

लसी, जंत आणि पार्व्हो

पिल्लासोबत लसीकरणाचे कार्ड मागून घ्यावे. त्यावर लसीच्या बाटलीचे चिकटवलेले लेबल, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. नुसते ‘पहिला डोस झाला’ हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. संयुक्त लस, म्हणजे बोलीभाषेतली ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’, सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत दिली जाते. एकच डोस का पुरत नाही, असा प्रश्न पडतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत ती लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. त्यामुळे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात आणि सोळा आठवड्यांचा शेवटचा डोस कधीही चुकवू नये. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर, पुढची वर्षाने. जंताचे औषध पहिल्या दोन-अडीच महिन्यांत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी द्यायचे असते. पिल्लांना जंत आईच्या पोटात असतानाच आणि दुधातून येतात, म्हणून ‘स्वच्छ घरात वाढलेले’ पिल्लूही याला अपवाद नाही.

सर्वांत भीती पार्व्होची. हा विषाणू १९७८ मध्ये जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा सर्वांत मोठा वैरी आहे. लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही, पिल्लू ठणठणीत दिसते. मग ते खाणे सोडते, ओकते, आणि घाण वासाचे रक्तमिश्रित जुलाब होतात. चिमुकल्या शरीरातले पाणी एका दिवसात संपते, म्हणून खाणे सोडलेल्या पिल्लाला ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणून ठेवू नये. भावंडांपैकी एखादे जुलाबाने आजारी असेल तर बाकीची पिल्ले धडधाकट दिसली तरी दोन आठवडे फॉस्टर घरीच राहावीत. हा विषाणू माती-फरशीत महिनोन्महिने टिकतो. घरात गेल्या वर्षभरात पार्व्होने कुत्रा गेला असेल, तर लसी पूर्ण झालेले पिल्लूच आणावे. फरशी फिनाइलने पुसून तो मरतो हा गैरसमज आहे. घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ते पाणी दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे, मग साध्या पाण्याने पुसावे. पिल्लू असलेल्या घरात फिनाइल तसेही टाळलेले बरे. ओल्या फरशीवर चाललेले पंजे ते चाटत असते.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसात लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. तो उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून येतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो. संयुक्त लसीत त्याचा अंश असतो, तो आहे याची खात्री करावी. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात पिल्लू मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. गाई-म्हशींच्या गोचिडांवरचे औषध पिल्लाला लावणे गावाकडे सर्रास चालते आणि त्यात पिल्ले दगावतात. औषध पिल्लाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनीच ठरवावे. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी देणेही तितकेच घातक.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते; मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकाच परिसरात आहेत. फॉस्टर पालक ज्यांच्याकडे जात होता त्याच डॉक्टरांकडे पहिले काही महिने जावे, कारण पिल्लाचा इतिहास त्यांच्याकडे आहे.

पहिला आठवडा

पिल्लू सकाळी आणावे, म्हणजे रात्र होण्याआधी त्याला घर हुंगून पाहायला दिवस मिळतो. दिवाळीचे फटाके, गणपतीतले ढोल-ताशे किंवा घरचे लग्नकार्य असलेला आठवडा टाळावा. आणणाऱ्याने निदान तीन-चार दिवस रजा काढावी. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नये. प्रवासात टोपलीत किंवा मांडीवर जुना टॉवेल असावा. फॉस्टर घरातली, भावंडांचा वास असलेली एक गोधडी किंवा चादरीचा तुकडा मागून आणावा आणि तो धुऊ नये. पहिल्या रात्री त्या तुकड्याचा जितका उपयोग होतो तितका महागड्या बिछान्याचा होत नाही.

घरी आल्यावर पिल्लाला एकच खोली मोकळी करून द्यावी. वायरी उचलाव्यात, चपला कपाटात जाव्यात, उंदरांचे विष आणि डांबरगोळ्या घराबाहेर जाव्यात. गॅलरीच्या गजांतून पिल्लाचे डोके जाते का ते मोजून पाहावे. डोके गेले तर अंग जातेच. पहिल्या दिवशी नातेवाईक आणि शेजारी पाहायला बोलावू नयेत. मुलांना पिल्लू झोपलेले असताना हात न लावण्याचा आणि ते खात असताना जवळ न जाण्याचा नियम आधीच समजावून सांगावा.

रात्री पिल्लू रडते. ते हट्टाने रडत नाही. जन्मापासून भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपलेले ते बाळ पहिल्यांदाच एकटे झोपत असते. त्याला गॅलरीत किंवा बाथरूममध्ये बंद करण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. घाबरलेले पिल्लू त्यातून एवढेच शिकते की रात्र वाईट असते. उंच कडांचे खोके किंवा पिंजरा पलंगाशेजारी ठेवावा, त्यात तो वासाचा तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी. रडू लागले की आत हात सोडून हळू आवाजात बोलावे. बहुतेक वेळा तेवढ्याने ते निजते. चुळबुळ वाढली तर शूला न्यावे, खेळवू नये, परत ठेवावे. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री एक-दोनदा न्यावेच लागते. चार-पाच रात्रींत रडणे ओसरते. मग खोके हवे तर रोज थोडे दूर सरकवता येते.

रजा संपण्याच्या आत पिल्लाला एकटे राहण्याचा सराव द्यावा. दाराबाहेर जाऊन दोन मिनिटांत परत यावे, मग पाच, मग पंधरा. रजेच्या चारही दिवशी क्षणभरही न सोडलेले पिल्लू पाचव्या दिवशी आठ तास एकटे राहील, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

शूचे वळण लावताना वेळ पाळली की निम्मे काम होते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावे, काम झाले की तिथल्या तिथे कौतुक करावे. चुकून घरात केले तर पुसून टाकावे. नाक त्यात घासणे, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणे याने पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शू करू नये, आणि मग ते सोफ्यामागे करते.

खाणे

पहिला आठवडाभर फॉस्टर घरचेच खाणे, त्याच वेळी, तितकेच द्यावे. खाणे बदलायचे असेल तर पुढच्या सात-आठ दिवसांत जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत जावे. एकदम बदलल्यास जुलाब होतात आणि पार्व्होच्या धास्तीने सगळ्यांची झोप उडते. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा.

दूध-पोळी हा मराठी घरातला कुत्र्याचा ठरलेला आहार वाढत्या पिल्लाला पुरत नाही. त्यात प्रथिने कमी पडतात, आणि गाई-म्हशीचे दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. मऊ भातात उकडलेले चिकन किंवा अंडे, थोडा लाल भोपळा किंवा गाजर हे चालते. मात्र फक्त घरचे खाणे देणाऱ्यांनी कॅल्शियमचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मटण-चिकनात ते फार कमी असते आणि पिल्लाची हाडे याच महिन्यांत घडतात. शाकाहारी घरात पिल्लांसाठीचे तयार खाद्य हा प्रामाणिक तोडगा आहे. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे-मनुका आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. फोडणीच्या आमटीत कांदा-लसूण असतोच, त्यामुळे ताटातले उरलेले वाढणेही यात आले. श्रावणातल्या प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे सहज हातून सुटतात. ते ध्यानात ठेवावे.

बाहेरचे जग

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, असे डॉक्टर सांगतात. पण घरात कोंडले तर जग ओळखण्याचे तेच मोलाचे आठवडे वाया जातात. यावर मार्ग आहे: उचलून न्यावे. कडेवर किंवा पिशवीत बसवून भाजीबाजार, रिक्षाथांबा, शाळा सुटतानाचे फाटक, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसे, हातगाड्या दाखवाव्यात, दुरून आणि थोडा थोडा वेळ. घाबरले तर अंतर वाढवावे. लस झालेल्या, ओळखीच्या शांत कुत्र्याच्या घरी नेण्यास हरकत नसते. जमिनीवर ठेवताना इतर कुत्रे मुततात अशा जागा टाळाव्यात.

दुधाचे दात सुईसारखे असतात आणि पिल्लू खेळताना ओरखडते. रेबीजची लस न झालेल्या, इतिहास माहीत नसलेल्या पिल्लाच्या दाताने रक्त निघाले, तर ‘पिल्लूच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. पोटात चौदा इंजेक्शने देण्याचे दिवस केव्हाच गेले. आता दंडात थोडे डोस असतात.

गावाकडच्या वाडीवर किंवा शेतघरी पिल्लू आणणाऱ्यांनी रात्री ते घरात घ्यावे. जुन्नर, अकोले, नाशिक या पट्ट्यात उसात राहणारे बिबटे कुत्र्यांना सहज उचलतात, आणि अंगणात साखळीने बांधलेले पिल्लू पळूही शकत नाही. राखणीसाठी आणलेला कुत्रा आतून भुंकला तरी राखण होते.

सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदीचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. मादी सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते, आणि त्या दिवसांत दार उघडे राहिले की पुढच्या कार्तिकात आणखी सहा पिल्लांना फॉस्टर घर शोधावे लागते. गळपट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून असावा. नव्या घरातून निसटलेल्या पिल्लाला परत येण्याची वाट माहीत नसते.

जमले नाही तर

घरात कोणाला दम्याचा त्रास वाढतो, बदली होते, किंवा आधीच्या म्हाताऱ्या कुत्र्याशी पिल्लाचे अजिबात जमत नाही. असे घडते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि सांगण्यात उशीर करू नये. पहिल्या दोन आठवड्यांत सांगितले तर पिल्लाला दुसरे घर मिळणे सोपे असते. सात-आठ महिन्यांच्या, एकटेपणाने बिथरलेल्या कुत्र्याला ते फार कठीण जाते. पिल्लू परस्पर ओळखीच्यांना देऊ नये, इमारतीच्या वॉचमनकडे सोपवू नये, ‘तिथे खायला मिळते’ म्हणून मंदिराच्या किंवा ढाब्याच्या आवारात सोडू नये. घरात वाढलेल्या पिल्लाला गाड्या चुकवता येत नाहीत आणि तिथले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार गुन्हाही आहे.

पिल्लू फॉस्टर पालकाकडेच परत जावे. त्याच्याकडे त्या वेळी जागा नसेल तर नवे घर मिळेपर्यंत चार दिवस थांबावे. परत देताना लसीचे कार्ड, गोधडीचा तो तुकडा आणि पहिल्या भेटीतली वही बरोबर द्यावी. मधल्या दिवसांत पिल्लू काय खाऊ लागले, कोणत्या आवाजाला सरावले, कशाला अजून घाबरते, रात्री किती वाजता उठते आणि कोणाशी जमले नाही, हे तिच्यात लिहिलेले असावे.